शिकारीची घटका आणि उरलेला दिवस

आफ्रिकेंतील वन्य पशूंच्या दर्शनास जाऊन आलेल्या मंडळींचीं प्रवासवर्णनें अलीकडे मराठींत वरचेवर वाचावयास मिळतात. दिवाळी अंकांतून तर त्यांचा एक सांचाच ठरून गेला आहे. प्रारंभीं नैरोबीचा विमानतळ येतो, मग खडखडणारा रस्ता, मग उघड्या छपराची गाडी. हत्ती आणि जिराफ यांची बोळवण दोन परिच्छेदांत होते. त्यानंतर लेखकाचा श्वास कोंडतो, सिंहीण गवतांत दबते, आणि पुढील पानभर धूळ, रक्त व निसर्गाचा कठोर न्याय यांची एकच गर्दी उडते. शेवटीं लेखक अंतर्मुख होऊन तंबूंत परततो. या वर्णनांत खोटें कांहीं असतें असें माझें म्हणणें नाहीं. जें डोळ्यांपुढें घडलें तेंच बहुधा लिहिलेलें असतें. परंतु पांच दिवसांच्या मुक्कामांतून पांच मिनिटें वेंचून काढावयाचीं, त्यांसच 'आफ्रिका' हें नांव द्यावयाचें, आणि उरलेला सारा काळ त्या पांच मिनिटांची वाट पाहण्यांत फुकट गेला असें मानावयाचें, ही निवड कितपत योग्य आहे, हा टीकाकाराच्या कक्षेंतला प्रश्न आहे. तो केवळ रुचीचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. मलाहि कांहीं काळ तसेंच वाटत असे.

'सफारी' हा शब्द तसा आपल्या ओळखीचाच. अरबी 'सफर' पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत जाऊन 'सफारी' झाला, आणि तोच फारसीच्या वाटेनें मराठींत येऊन 'सफर' म्हणून राहिला. कोंकणांतील गलबतें सफरीस निघत तेव्हां त्या शब्दास शिकारीचा गंधहि नव्हता. स्वाहिलींतहि मूळ अर्थ प्रवास एवढाच आहे. शिकारीचा अर्थ त्यास गोऱ्या शिकाऱ्यांनीं चिकटविला. पुढें बंदुकीच्या जागीं दुर्बीण व कॅमेरा आला, तरी तो वास पुरता गेलेला नाहीं. (जातां जातां, स्वाहिलींतील 'सिंबा' आणि आपला 'सिंह' यांचें नातें जोडण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. तो शब्द बांटू कुळांतला आहे, आणि साम्य केवळ कानाला वाटणारें आहे.)

या वाङ्मयास ज्या ग्रंथांनीं वळण लावलें त्यांत जे. एच. पॅटर्सन याचें 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' हें १९०७ सालचें पुस्तक प्रमुख मानावें लागेल. युगांडा रेल्वेसाठीं त्सावो नदीवर पूल बांधण्याचें काम १८९८ सालीं चाललें असतां आयाळ नसलेल्या दोन सिंहांनीं मजुरांच्या छावण्यांत जो अनर्थ मांडला, त्याची ती हकीकत. ते मजूर बहुतेक आपल्या देशांतून नेलेले होते, म्हणून आपल्यास ती अधिक जवळची. पुस्तक अजूनहि हातांतून खालीं ठेववत नाहीं, आणि त्याचें कारण, माझ्या मतें, शेवटच्या गोळ्यांत नसून त्या गोळ्यांपूर्वींच्या वाया गेलेल्या रात्रींत आहे. एका छावणीपाशीं बंदूक रोखून बसावें तों किंकाळी दुसऱ्याच छावणींतून ऐकूं यावी, पहारा तिकडे न्यावा तों सिंहांनीं पहिल्या ठिकाणीं यावें, असें महिनोन्‌महिने चालतें. हें निष्फळ बसणें पॅटर्सननें प्रामाणिकपणें लिहिलें आहे, आणि तेवढ्या भागांत सिंह हे सिंहच राहतात. अन्यत्र ते नाटकांतले खलपुरुष होतात.

पण खलपुरुष ठरला म्हणजे त्याच्या पापांची बेरीज वाढवावी लागते. १९०७ च्या पुस्तकांत अठ्ठावीस हिंदी मजूर मोजलेले आहेत. ज्यांची सरकारी नोंद कोणी ठेवली नाहीं अशा आफ्रिकनांचा उल्लेख आंकड्याविना, मोघम आहे. पुढें शिकागोच्या फील्ड म्युझियमनें तीं कातडीं विकत घेतल्यावर, १९२५ सालीं त्याच लेखकाच्या पत्रिकेंत एकूण आंकडा १३५ झाला. सिंह मरून सव्वीस वर्षें लोटलीं होतीं, आणि बळी मात्र वाढत होते! २००९ सालीं त्या सिंहांच्या केंसांचें व हाडांचें रासायनिक परीक्षण करून शास्त्रज्ञांनीं सुमारे पस्तीस माणसें खाल्लीं असावींत असा अंदाज केला. याहून विचार करण्यासारखा दुसराच आंकडा आहे. त्या रेल्वेसाठीं हिंदुस्थानांतून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले, आणि त्यांपैकीं सुमारे २,५०० जण तेथें मेले. सिंहांच्या तोंडीं पडलेले अठ्ठावीस जगाच्या स्मरणांत राहिले. ज्वर, आंव आणि अपघात यांनीं नेलेल्यांवर रोमहर्षक ग्रंथ लिहितां येत नाहीं. श्वापदाकडे खिळलेली दृष्टि माणसांसहि कशी झांकून टाकते, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

अर्नेस्ट हेमिंग्वे याच्या 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' (१९३५) या ग्रंथाविषयीं थोडक्यांतच लिहितों. गद्य समर्थ आहे, डोंगर आणि पाऊस यांचीं वर्णनें उत्कृष्ट आहेत. परंतु गोळी लागलेल्या तरसाची तडफड ज्या पानांवर विनोद म्हणून सांगितली आहे, तीं पानें वाचतांना लेखकाच्या हास्यांत सामील होणें मला तरी जमलें नाहीं. तरस हा त्या वाङ्मयांतला विदूषक; उष्टें खाणारा, भेकड, हिडीस. सिंहास राजा केल्यावर कोणास तरी मांग-महाराचे हाल भोगावे लागणारच, हें आपल्या समाजाचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकास निराळें सांगावयास नको.

या विदूषकाची सुटका ज्या ग्रंथानें केली त्याकडे आतां वळूं. १९७२ हें साल या बाबतींत मोठें भाग्याचें. त्या एकाच वर्षीं जॉर्ज शॅलर यांचा 'द सेरेंगेटी लायन' व हान्स क्रूक यांचा 'द स्पॉटेड हायना' असे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. दोन्हीहि शास्त्रीय आहेत, कोष्टकांनीं भरलेले आहेत, आणि ललित वाङ्मयाच्या कपाटांत त्यांस कोणी ठेवणार नाहीं. तरीहि मी त्यांस वाङ्मय म्हणतों, कारण पाहण्याची एक निराळीच रीत त्यांनीं लेखकांपुढें ठेविली.

शॅलर हे आपल्यास अगदींच परके नव्हेत. आफ्रिकेस जाण्यापूर्वीं १९६३ ते १९६५ या काळांत त्यांनीं कान्हाच्या जंगलांत वाघ व हरणें यांचा अभ्यास केला होता, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६७ सालीं निघाला. पुढें १९६६ पासून तीन वर्षांहून अधिक काळ ते सेरेंगेटीच्या मैदानावर राहिले. त्यांनीं काय पाहिलें? सिंह चोवीस तासांपैकीं वीस-एकवीस तास कांहींहि करीत नाहीं, हें पाहिलें. 'कांहींहि करीत नाहीं' हें वाक्य आपल्या प्रवासवर्णनकारांनीं एका ओळींत, थट्टेनें, उरकलेलें असतें. शॅलर यांनीं तें तास मोजून लिहिलें. सिंहिणींनीं दबा धरल्यावर प्रत्येक वेळीं शेवट काय झाला हेंहि त्यांनीं टिपून ठेविलें, आणि बहुतेक वेळां शेवट काय, तर फजिती. एकटी सिंहीण सहा वेळां झडप घालते तेव्हां एकदां घांस मिळतो. अनेक जणी मिळून गेल्या तर यश सुमारें दुप्पट येतें, आणि तरीहि तें निम्म्याच्या खालींच राहतें. ज्यास आपण पशूंचा राजा म्हणतों त्याचा दैनंदिन व्यवहार हा असा तोट्याचा आहे. वाइल्डबीस्टचा कळप सिंहिणीच्या डोळ्यांदेखत निर्धास्त चरतो याचें आश्चर्य ज्यांस वाटतें, त्यांनीं हा हिशेब वाचावा. त्या चरणाऱ्यांस तो ठाऊक आहे.

क्रूक यांच्या ग्रंथांतील मुख्य गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. न्गोरोंगोरो हें टांझानियांत एका निवालेल्या ज्वालामुखीचें प्रचंड विवर आहे. त्याच्या तळाशीं सपाट कुरण, आणि त्यांत झेब्रे, वाइल्डबीस्ट, सिंह व तरस यांची दाटी. सकाळीं तेथें गाडी नेली म्हणजे प्रवाशास एक देखावा हटकून दिसे. मेलेल्या जनावरावर सिंह बसलेला आहे, त्याचें तोंड रक्तानें माखलेलें आहे, आणि भोंवतीं आदबशीर अंतरावर दहा-वीस तरस लाळ गाळीत उभे आहेत. प्रवासी निष्कर्ष काढी कीं, राजानें शिकार केली, भिकारी उष्ट्याची वाट पाहत आहेत. या निष्कर्षांत तर्काची चूक कोठेंच नाहीं. चूक इतकीच कीं, प्रवासी सकाळीं आला होता.

क्रूक रात्रीं जात. चांदण्या रात्रीं, दिवे मालवून, तरसांच्या टोळ्यांमागून ते गाडी हांकीत. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तरसांची टोळी स्वतः झेब्र्याचा किंवा वाइल्डबीस्टचा पाठलाग करते, स्वतः त्यास पाडते, आणि खाण्याच्या धांदलींत जो कोलाहल उडतो (ज्यास आपण तरसाचें हसणें म्हणतों तोहि त्यांतच येतो) तो ऐकून सिंह अंधारांतून येतो व सर्वांस हांकलून जेवावयास बसतो. पहांट होते. प्रवासी येतो. विवरांतील तरस आपल्या अन्नाचा बहुतेक भाग स्वतः मारून मिळवितात, आणि तेथें परक्याच्या पानावर बसणारा पुष्कळदां सिंहच असतो, हें या मनुष्यानें कित्येक रात्री जागून सिद्ध केलें. त्याबरोबर तरसांच्या समाजाचेंहि दर्शन झालें. त्यांच्या टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, सत्ता माद्यांकडे असते, आणि मादी आपल्या पिलांस वर्षाहून अधिक काळ अंगावर पाजते.

माझ्या दृष्टीनें हा प्रसंग प्राणिशास्त्राइतकाच वाचनशास्त्राचा आहे. कादंबरीचें शेवटचें प्रकरण तेवढें वाचून नायक कोण व खलनायक कोण हें ठरविणाऱ्या वाचकास आपण काय म्हणूं? हजारों वर्षें मनुष्यजात तरसाच्या बाबतींत तसें शेवटचेंच प्रकरण वाचीत आली. आजहि राखीव रानांचे दरवाजे प्रवाशांस सूर्यास्तानंतर बंद असतात. तेव्हां आपल्या वांट्यास पहाटेचें तें शेवटचें प्रकरणच येणार, यांत आपला दोष नाहीं. दोष आहे तो तेवढ्यावरून संपूर्ण ग्रंथाचा अभिप्राय देण्यांत.

आतां स्वतःविषयीं. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस मला केनियांतील मसाई मारा येथें चार दिवस राहण्याचा योग आला. वर मांडलेलीं मतें तेव्हांहि माझ्या खिशांत होतीं, हें मुद्दाम सांगतों, म्हणजे पुढील हकीकतीचें मोल वाचकांस नीट करतां येईल. पहिल्या सकाळीं आमच्या वाटाड्यानें एका झुडपाच्या सावलीस सात सिंह दाखविले. सातहि निजलेले. दहा मिनिटें कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला, मग शांतता पसरली, मग गाडींत खाऊचे डबे उघडले. "झोपलेलाच सिंह पाहायचा तर राणीच्या बागेत काय वाईट होता?" असें एक सद्‌गृहस्थ म्हणाले व सर्वजण हांसले. मीहि हांसलों. इतक्यांत बिनतारी यंत्रावर कोणी कांहीं बोललें, 'दुमा' एवढा एकच शब्द मला कळला, आणि वाटाड्यानें गाडी भरधांव सोडली. दुमा म्हणजे चित्ता.

आम्ही पोंचलों तेव्हां एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली होती आणि तिच्या तिन्ही बाजूंस गाड्या होत्या. मीं मोजल्या, सतरा भरल्या. एका श्वापदाभोंवतीं पांचांहून अधिक गाड्या एका वेळीं नसाव्यात असा तेथील नियम आहे, आणि तो प्रत्येक वाटाड्यास पाठ असतो. परंतु गाडींतल्या सातजणांनीं भरलेले पैसेहि त्यास ठाऊक असतात, आणि दिवसाअखेर त्याच्या हातावर पडणारी बक्षिसी आम्हांस काय दिसलें यावर ठरते. मादीची नजर दूर चरणाऱ्या लहान हरणांवर होती. ती वारुळावरून उतरली, वांकून चालूं लागली. आमच्या गाडींतील सर्व मंडळी आसनांवर उभी राहिली, आणि 'शिकारीची घटका' या विषयावर व्याख्यान देण्यास सिद्ध असलेला प्रस्तुत लेखकहि उभा राहिला. तेवढ्यांत एक गाडी अधिक चांगला कोन साधण्यासाठीं पुढें सरकली व नेमकी मादी आणि हरणें यांच्या मध्यें आली. हरणांनीं माना वर केल्या. मादी थबकली, क्षणभर उभी राहिली, आणि वळून एका गाडीच्याच सावलींत जाऊन पडली. 'अरेरे' असा उद्गार सतरा गाड्यांतून निघाला. त्यांत माझाहि स्वर होता, आणि तो तिच्या उपवासाबद्दल नव्हता.

सिंहास गाड्यांचें फारसें कांहीं वाटत नाहीं, आणि त्याची शिकार बहुधा रात्रींची असते. चित्त्याची गोष्ट वेगळी. सिंह व तरस हे दोघेहि त्याच्याहून बळकट, त्याचा घांस हिसकावणारे व त्याचीं पिलें मारणारे. म्हणून तो भर दिवसा, ते सुस्तावलेले असतां, शिकार करतो. म्हणजे नेमका प्रवाशांच्या वेळांत. त्याचें धांवणें कांहींशें पावलांचें, त्यांत चुकलें तर दम घेत बसावें लागतें, आणि साधलें तर चोर येण्यापूर्वीं घाईघाईनें जेवावें लागतें. मसाई माऱ्यांतील चित्त्यांचा अभ्यास करणाऱ्या फेम्के ब्रूखाइस यांनीं २०१८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागांत प्रवाशांची वर्दळ थोडी, तेथें चित्त्याच्या मादीचीं एका वेतामागें सरासरी २.३ पिलें स्वतंत्र होण्याइतकीं वाढतात. जेथें वर्दळ फार, तेथें ती सरासरी ०.२ आहे, असें त्यांत दाखविलें आहे. हा आंकडा वाचून मीं तो निबंध मिटला व आमच्या दिवाळी अंकांतील वर्णनें पुन्हां उघडलीं. मघां ज्यास मीं रुचीचा प्रश्न म्हटलें तो येथें रुचीचा राहत नाहीं. शिकारीवांचून सफर व्यर्थ, असें जो लेखक पानापानांतून वाचकास शिकवितो, तो पुढच्या हंगामांतली अठरावी गाडी रवाना करीत असतो.

या प्राण्याशीं आपलें जुनें देणेंघेणें आहे, म्हणून हा आंकडा मला अधिक लागला. त्याचें इंग्रजी नांवहि आपल्याच 'चित्ता' या शब्दावरून गेलेलें. चित्ते पाळून त्यांजकडून काळविटांची शिकार करविण्याचा षोक आपल्या संस्थानिकांस होता, आणि येथील रानांतले चित्ते संपत आले तेव्हां कोल्हापूर व भावनगर या दरबारांनीं ते आफ्रिकेतून आणवून तो षोक चालू ठेविला. बैलगाडीवर डोळ्यांस झांपड बांधलेला चित्ता, काळवीट दिसतांच झांपड काढणारा चित्तेवान, आणि मागें पाहुण्यांच्या गाड्या, असा तो थाट असे. देशांतील अखेरच्या चित्त्यांपैकीं तिघे १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानांत मारले गेले, आणि १९५२ सालीं तो नामशेष झाल्याचें जाहीर झालें. सप्टेंबर २०२२ मध्यें नामिबियाहून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडले, हें वाचकांस ठाऊक आहेच. माऱ्याच्या त्या सकाळीं मादीच्या डोळ्यांवर झांपड नव्हती, एवढाच काय तो फरक मला दिसला. पाहुण्यांच्या गाड्या होत्याच.

मग लेखकानें करावें काय? शिकार दिसली तर ती लिहूं नये, असें म्हणणारा मी अरसिक नाहीं. सिंहिणीची झडप ही पाहण्यासारखी व लिहिण्यासारखी गोष्ट आहे, आणि पॅटर्सनचें पुस्तक मी पुन्हां वाचीन. परंतु झडपेचें मोल तिच्या आधींच्या पांच फजितींनीं ठरतें. त्या गाळल्या कीं झडप फुकटची होते, आणि सिंहीण ही कळ फिरवली कीं धांवणारें यंत्र होते. चित्रपटांनीं हें आधींच पुष्कळ केलेलें आहे. कित्येक आठवड्यांच्या प्रतीक्षेतून कातरून काढलेलीं चार मिनिटें ते आपल्यास घरबसल्या दाखवितात, आणि तीं पाहून गेलेला प्रवासी रानांत पोंचल्यावर रानावरच रुसतो. लेखणीस अशी कातर लावण्याचें बंधन नाहीं. निजलेल्या सिंहाच्या कानावर बसणारी माशी, दुसऱ्याच्या पाठीवर पंजा टाकून कूस बदलणारा छावा, वारा फिरतांच एकदम वर होणाऱ्या सर्व झेब्र्यांच्या माना, आणि त्या तासाभरांत पाहणाऱ्याच्या मनांत कंटाळ्याचें हळूहळू दुसरें कांहींतरी होणें, हें सारें शब्दांत येऊं शकतें. मराठींत तें अद्याप आलेलें नाहीं, निदान माझ्या वाचनांत नाहीं.

अपवाद एकच सांगतों, आणि तोहि छापलेला नाहीं. आमच्या गाडींत साताऱ्याकडील एक निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. जमाखर्च लिहितात तसली एक लांबट वही होती, आणि तींत त्या घड्याळ पाहून कांहीं टिपीत असत. शेवटच्या दिवशीं मीं ती मागून घेतली. सात सिंहांच्या त्या सकाळीं, आम्ही डबे उघडून बसलों असतां, बाईंनीं सव्वा पानभर मजकूर लिहिला होता. कोणत्या सिंहिणीनें किती वाजतां डोळा उघडला, कोणता छावा कोणास लुचावयास गेला व त्यास कोणी झिडकारलें, सावली सरकली तसें कोण आधीं उठून सावलींत गेलें व कोण उन्हांतच पडून राहिलें, हें सगळें त्यांत होतें. चित्त्याच्या पानावर वेळ होती, गाड्यांची संख्या होती (त्यांच्या मोजणींत अठरा, त्यांनीं आमचीहि धरली होती), आणि खालीं, आम्ही निघालों तेव्हां मादी अद्याप उपाशी होती, एवढी एक ओळ.